लहानपणीचा तिकिटांचा अल्बम सापडला, आता पुढे काय?

घर आवरताना पोस्टाच्या तिकिटांचा जुना अल्बम हाती लागतो. सोबत एखादा पत्र्याचा डबा असतो. त्यात पाकिटांवरून कापलेली तिकिटं, रबरबँड लावलेले गठ्ठे आणि मधूनच शाळेतल्या मित्राशी अदलाबदल करायला बाजूला ठेवलेली डुप्लिकेट्स. घरात लगेच दोन तट पडतात. एकाला ते घबाड वाटतं, दुसऱ्याला रद्दी.

मी माझा जुना संग्रह असाच मार्गी लावला आणि नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांच्या अल्बमांपुढे त्यांच्याबरोबर बसलो. दोन्ही तटांचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. आणि अल्बम माळ्यावर पडून राहिल्याने जेवढं बिघडत नाही, तेवढं तो सापडल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी बिघडतं. उत्साहाच्या भरात तिकिटं उचकटली जातात, नको ती पाण्यात टाकली जातात, जुनी पाकिटं कापली जातात. म्हणून खालच्या पायऱ्या मुद्दाम अशा क्रमाने लावल्यात की जे केल्यावर परत पूर्ववत करता येत नाही, ते शेवटी यावं.

## आधी जमवायचं सामान

- चिमटा. टोकं चपटी आणि गुळगुळीत असलेला, खास तिकिटांसाठी मिळतो तो. भुवयांचा किंवा प्रयोगशाळेतला टोकदार चिमटा नको, तो कागदाला भोक पाडतो.
- भिंग. पाच ते दहा पट मोठं दाखवणारं पुरेसं आहे.
- स्टॉकबुक. काळी पानं आणि त्यावर पारदर्शक पट्ट्या असलेली वही. तिकीट पट्टीत नुसतं सरकवायचं, चिकटवायचं नाही.
- ग्लासीन पाकिटं. दुधी, गुळगुळीत कागदाची छोटी पाकिटं, वर्गवारीसाठी.
- दातेमापक. तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी, परफोरेशन गेज. साध्या पारदर्शक प्लास्टिकची चालते.
- टीपकागद किंवा छपाई नसलेला पांढरा शोषक कागद, एक उथळ ताट, जाड पुस्तकं.
- वही आणि पेन्सिल. पेन टेबलावर ठेवूच नका.

वॉटरमार्क, म्हणजे कागदात उठवलेली खूण, बघायचा द्रव, अतिनील दिवा, महागडे छापील अल्बम हे सगळं नंतर. नवशिक्याचे पैसे पहिल्यांदा इथेच वाया जातात. संग्रह कुठल्या दिशेने जाणार हे कळण्याआधी अल्बम घेतला की त्याच्या रिकाम्या चौकटी भरणं हाच छंद होऊन बसतो.

## १. आधी फोटो काढा

कोणतंही तिकीट जागेवरून हलवण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. डब्यातले गठ्ठे, त्यांवरच्या चिठ्ठ्या, अल्बमच्या आतल्या कव्हरवरची नावं, सगळ्याचे. जुन्या संग्राहकांनी तिकिटाखाली बारीक अक्षरात वर्ष, कॅटलॉगचा, म्हणजे तिकिटांच्या छापील सूचीचा, क्रमांक किंवा कुणाकडून मिळालं ते लिहिलेलं असतं. तिकीट हललं की तो दुवा तुटतो. संग्रह आजोबांचा किंवा आत्याचा असेल तर हे फोटो पुढे ओळख पटवायला आणि गरज पडली तर विक्रीलाही उपयोगी पडतात.

पान उघडत नसेल, दोन पानं एकमेकांना चिकटली असतील, तर ओढू नका. तसंच बाजूला ठेवा. दमटपणाने तिकिटांच्या मागचा गोंद ओला होऊन ती पानाला बसतात. त्याचा उपाय पुढे येईल.

## २. चार ढीग करा

देशावरून वर्गवारी करायचा मोह होईल. थांबा. पहिली वर्गवारी देशाची नाही, अवस्थेची:

अ) अखंड पाकिटं, पोस्टकार्डं, अंतर्देशीय पत्रं, फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं)
आ) मागे मूळ गोंद असलेली, न वापरलेली तिकिटं, म्हणजे मिंट
इ) पाकिटाच्या तुकड्यावर चिकटलेली, वापरलेली
ई) अल्बममध्ये हिंजने (गोंदाच्या कागदी घडीने) किंवा चिकटवून लावलेली

अ आणि आ या ढिगांना पाणी लागता कामा नये. अ ढिगाला तर कात्रीही लागू देऊ नका. जुनं पाकीट पूर्ण असेल तर त्यावर तिकीट, शिक्का, तारीख, पत्ता, वाटेत पडलेले इतर शिक्के, सेन्सॉरची पट्टी असं बरंच काही एकत्र असतं. पत्र कुठून निघालं, कुठल्या मार्गाने गेलं, किती दिवसांनी पोचलं हे त्यावरून वाचता येतं. या अभ्यासाला पोस्टल हिस्टरी म्हणतात. त्यात कित्येकदा पाकिटाला जेवढं मोल असतं, त्याच्या अंशानेही त्यावरून सोडवलेल्या तिकिटाला नसतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं कुठलंही पाकीट, युद्धकाळातलं पत्र, विमानटपालाचं जुनं पाकीट, शिक्का स्पष्ट असलेलं काहीही असेल तर जसंच्या तसं ठेवा. आतलं पत्रही त्याच्यासोबतच राहू दे.

लहानपणी आपण सगळ्यांनीच पाकिटांचे कोपरे कापले. निदान कापल्याशिवाय राहिलेली तरी वाचवा.

## ३. हिंज, डिंक आणि सेलोटेप

हिंज म्हणजे गोंद लावलेला पातळ कागदाचा घडीचा तुकडा. एक बाजू तिकिटाला, दुसरी पानाला. चांगला हिंज कोरडा असताना अलगद सुटतो. चिमट्याने हळूच उचलून बघा. सहज आला तर ठीक. नाही आला आणि तिकीट वापरलेलं असेल, तर ते भिजवल्यावर हिंज आपोआप सुटेल. मिंट असेल तर हिंज तसाच राहू द्या. तो ओढून काढताना कागदाचा थर सोलून निघाला, तर तिकीट उजेडात धरल्यावर तिथे पातळ डाग दिसतो. याला थिन म्हणतात आणि तो भरून येत नाही.

मुलांनी अल्बममध्ये तिकिटं कशानेही लावलेली असतात. पिठाची खळ किंवा साधा डिंक पाण्यात सुटतो. सुकल्यावर प्लास्टिकसारखा होणारा पांढरा गोंद सुटेलच असं नाही. तिथे पानाचा तो भाग तिकिटाभोवती मोकळं अंतर सोडून कापा, बाकी प्रयोग कमी मोलाच्या तिकिटावर आधी करा. सेलोटेपचं काही करू नका. तिचा पिवळा डाग कागदात मुरलेला असतो आणि टेप ओढली तर रंगाचा थरही तिच्यासोबत येतो.

## ४. भिजवायचं कसं

हे काम नीट शिकून घ्या, कारण इथे घाई दिसून येते. फक्त इ ढीग, आणि पानावरून कापून काढलेली वापरलेली तिकिटं.

आधी त्या ढिगातून तीन प्रकार वेगळे करा. पहिला, रंगीत कागदावरची तिकिटं: लाल, जांभळी, गडद खाकी पाकिटं. त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या सगळ्या तिकिटांना लागतो. दुसरा, ज्यांवर जांभळ्या किंवा लाल शाईचा शिक्का किंवा पेनची सही आहे अशी. तिसरा, ज्यांची छपाईची शाईच कच्ची आहे अशी जुनी तिकिटं. हा तिसरा प्रकार अपघाताने झालेला नाही. शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरू नये म्हणून काही टपालखात्यांनी मुद्दामच पाण्यात फिकट होणारी शाई वापरली. ब्रिटनची १८८३-८४ सालची जांभळट आणि हिरवी व्हिक्टोरिया राणीची तिकिटं याचं नेहमीचं उदाहरण. भिजल्यावर हिरवी तिकिटं पिवळट होऊन जातात. एकोणिसाव्या शतकातलं तिकीट असेल आणि खात्री नसेल, तर ते कागदासकट ठेवा.

उरलेल्यांसाठी कृती अशी. पाकिटाचा तुकडा तिकिटापासून साधारण सेंटिमीटरभर जागा सोडून कापलेला असावा. दात्यांच्या अगदी जवळून कात्री चालवू नका. उथळ ताटात साधं, फार तर कोमट पाणी घ्या. साबण नाही, गरम पाणी नाही. एका वेळी पंधरा-वीस तिकिटं, एकमेकांवर न चढवता, चित्र वर ठेवून सोडा. आणि मग तिथून उठून जा. खरंच उठून जा, कारण बसून राहिलं की बोट चाळवतं. पंधरा-वीस मिनिटांनी तिकीट कागदावरून स्वतःच सरकायला लागतं. सरकलं नाही तर आणखी वेळ द्या. तिकिटावरून कागद ओढायचा नाही, कागदावरून तिकीट सोलायचं नाही. ओला कागद इतका कमजोर असतो की चिमट्याच्या दाबानेही फाटतो, म्हणून या टप्प्यावर मी चिमट्याऐवजी बोटाची मऊ बाजू वापरतो.

सुटलेलं तिकीट दुसऱ्या ताटात स्वच्छ पाण्यात टाका. मागे बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर गोंद अजून आहे, परत थोडा वेळ ठेवा. मग टीपकागदावर चित्र खाली करून पसरा. चित्र खाली का, तर गोंदाचा अंश उरलाच असेल तर तो मागच्या बाजूला असतो, आणि ती बाजू उघडी असली की तिकीट कागदाला चिकटत नाही. वर्तमानपत्रावर वाळवू नका, त्याची शाई उतरते. वाळताना तिकीट वळायला लागेल, ते साहजिक आहे. जवळजवळ कोरडं झालं की कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. सकाळी सपाट निघतं. इस्त्री फिरवायची कल्पना डोक्यात आली तर ती तिथेच सोडा.

अलीकडची तिकिटं भिजता भिजत नाहीत, त्याचं कारण स्वयंचिकट गोंद. अशी तिकिटं पहिल्यांदा १९६४ मध्ये सिएरा लिओनने काढली, तीही देशाच्या नकाशाच्या आकारात. आता अनेक देशांत हाच प्रकार रूढ आहे आणि त्यातल्या बऱ्याच गोंदांवर पाण्याचा काही परिणाम होत नाही. अर्धा तास उलटूनही हालचाल नसेल तर बाहेर काढून वाळवा आणि चारही बाजूंनी समान कागद ठेवून नीट कापा. असं कागदावरचं तिकीट संग्रहात चालतं.

पानाला चिकटलेल्या मिंट तिकिटांसाठी वेगळा उपाय. झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर तो चिकटलेला तुकडा. डबा बंद. दमट हवेने गोंद हळूहळू सैल होतो. तासातासाने बघत राहायचं आणि सुटेल तेवढंच सोडवायचं. तिकिटाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

## ५. देश ओळखणं

आता मजेचा भाग. बऱ्याच तिकिटांवर देशाचं नाव असतं, पण ते आपण वापरतो ते नसतं. हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. मॅग्यार म्हणजे हंगेरी. सुओमी फिनलंड, स्वेरिये स्वीडन, नॉर्गे नॉर्वे, ऑस्टराइश ऑस्ट्रिया, पोल्स्का पोलंड, ह्रवात्स्का क्रोएशिया, श्किपेरिया अल्बानिया, एरे आयर्लंड, एलास ग्रीस. सोव्हिएत तिकिटांवर रोमन सी-सी-सी-पी वाटणारी अक्षरं दिसतात. ती सिरिलिक लिपीतली आहेत आणि त्यांचा उच्चार एस-एस-एस-आर असा आहे. लहानपणी 'सीसीसीपी नावाचा देश' प्रत्येकाच्या अल्बममध्ये असायचा.

नावच नसेल आणि कोपऱ्यात राजाचं किंवा राणीचं डोकं असेल, तर ब्रिटन. जगातलं पहिलं चिकटतं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, ब्रिटनने मे १८४० मध्ये काढलं. तेव्हा दुसऱ्या कुणाचीच तिकिटं नव्हती, त्यामुळे नाव छापायची गरज नव्हती. पुढे १८७४ मध्ये जागतिक टपाल संघ स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय टपालाच्या तिकिटांवर रोमन लिपीत देशाचं नाव हवं असा दंडक आला, तरी ब्रिटनची सवलत टिकली.

जपानच्या तिकिटांवर निप्पॉन हे रोमन अक्षरांतलं नाव १९६६ पासून दिसतं. त्याआधीची तिकिटं जपानी लिपीवरून ओळखायची, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या तिकिटांवर बहुधा सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह सापडतं. नेपाळच्या तिकिटांवरचं देवनागरी आपल्याला थेट वाचता येतं, हा आपला फायदा. ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर राजाचं चित्र तेच, पण वर ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा असं ठसवलेलं दिसलं तर ती त्या संस्थानांची तिकिटं म्हणून वेगळी मोजतात. जर्मनीचे तर चार-पाच कप्पे करावे लागतात: साम्राज्य आणि नंतरचा काळ, युद्धानंतरचे ताबा-विभाग, पश्चिम जर्मनी, पश्चिम बर्लिन, पूर्व जर्मनी. पूर्व जर्मनी डीडीआर या अक्षरांवरून ओळखा.

कुठलंही मूल्य छापलेलं नाही, 'पोस्टेज'सारखा शब्द नाही, असं तिकीट निघालं तर ते टपाल तिकीट नसण्याची शक्यता जास्त. क्षयरोग निवारणाच्या देणगीची तिकिटं, प्रदर्शनांची लेबलं, महसुली तिकिटं अल्बममध्ये सर्रास असतात. संग्राहक पहिल्या दोन प्रकारांना सिंड्रेला म्हणतात. टाकू नका, वेगळी ठेवा. त्यांचेही शौकीन आहेत.

## ६. तिकिटाची प्रकृती

भिंग घ्या आणि तिकीट आधी मागून बघा. नवखा माणूस समोरून बघतो, मुरलेला उलटं करतो. तिरक्या उजेडात धरलं की घडी, थिन, दुरुस्तीचे ठिगळ, पूर्वीच्या हिंजच्या खुणा दिसतात. मग पुढची बाजू: दाते सगळे शाबूत आहेत का, एखादा आखूड आहे का, चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय का, रंग उन्हाने उडालाय का, शिक्का हलका आहे की चेहऱ्यावर डांबर फासल्यासारखा. मिंट तिकिटाला कधीच हिंज लागलेला नसेल तर त्याला एमएनएच म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मिंट तिकिटांच्या बाबतीत ग्राहक हेच मागतात.

तपकिरी ठिपके बुरशीचे. अशी तिकिटं लगेच वेगळ्या पाकिटात ठेवा.

प्रकृतीचा नियम मोडून बसलेलं एक तिकीट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट. मळकट, कोपरे कापून अष्टकोनी केलेलं. १८७३ मध्ये व्हर्नन व्हॉन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला ते घरातल्या जुन्या पत्रांत सापडलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये ते नव्हतं. त्याने सहा शिलिंगांना विकून टाकलं. त्याच्यासारखं दुसरं सर्वमान्य तिकीट आजवर पुढे आलेलं नाही आणि २०१४ च्या लिलावात त्याला सुमारे ९५ लाख डॉलर मिळाले. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आणि तिच्यामुळेच लोक फाटक्या तिकिटांनाही कवटाळून बसतात. जगात एकच शिल्लक असेल तर कापलेले कोपरे चालतात. तुमच्याकडचं कोट्यवधींनी छापलेलं आहे.

## ७. कॅटलॉग वाचायला शिका

जगभर चार कॅटलॉग मुख्यतः चालतात: ब्रिटनचा स्टॅनली गिबन्स, अमेरिकेचा स्कॉट, जर्मनीचा मिशेल, फ्रान्सचा ईव्हेर ए तेलिये. प्रत्येकाचे क्रमांक वेगळे. त्यामुळे नोंद करताना 'गिबन्स अमुक' असं कॅटलॉगच्या नावासकट लिहा. सुरुवातीला विकत घ्यायची गरज नाही. ग्रंथालयातली जुनी आवृत्ती ओळख पटवायला पुरते, आणि कोलनेक्टसारख्या ऑनलाइन यादीत चित्रावरून शोधता येतं.

सारखी दिसणारी दोन तिकिटं सारखी असतीलच असं नाही, हे कॅटलॉग शिकवतो. फरक तीन ठिकाणी शोधा.

दाते: दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात तो आकडा. १४ × १४½ लिहिलं असेल तर पहिला आकडा आडव्या कडेचा, दुसरा उभ्या कडेचा. तिकीट मापकावर सरकवत जा, भोकं आणि खुणा एका रेषेत आल्या की तो आकडा.

वॉटरमार्क: कागद बनवतानाच त्यात उठवलेली खूण. मुकुट, तारा, हत्तीचं डोकं, अक्षरं. आधी तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथं ठेवून, नंतर उजेडासमोर धरून बघा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. खास द्रव वापरावाच लागला तर खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, आणि काही छपाया त्यात विरघळतात हे लक्षात ठेवून.

छपाई आणि छटा: भिंगाखाली शाई कागदावर उठून दिसते की ठिपक्यांची आहे. छटेच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये असं माझं मत. दिव्याखाली प्रत्येक तिकीट दुर्मीळ छटेचं वाटतं.

आणि किंमत. कॅटलॉगमधला आकडा हा उत्तम अवस्थेतलं तिकीट किरकोळ विक्रीत मिळवायचं झालं तर, असा असतो. तुम्हाला विकताना तेवढे मिळतील असा त्याचा अर्थ नाही. सगळ्यात खालचा आकडा तर तिकिटाचा नसतोच, ते शोधून, पाकिटात घालून ग्राहकाला देण्याच्या विक्रेत्याच्या मेहनतीचा असतो. अशी हजार तिकिटं आहेत म्हणून त्या आकड्याला हजाराने गुणू नका.

## ८. नेहमीचे सापळे

जुनं म्हणजे दुर्मीळ. पेनी ब्लॅक ६ कोटी ८० लाखांहून जास्त छापली गेली. ती आजही बाजारात नियमित मिळते. उलट, ज्याकडे कुणी लक्ष दिलं नाही असं कालपरवाचं तिकीट वापरलेल्या अवस्थेत शोधायला नाकी नऊ येतात.

न फिरलेली 'वापरलेली' तिकिटं. लहानपणीच्या अल्बमांत हीच सर्वांत जास्त. मोठी, चकचकीत, फुलपाखरं, अंतराळयानं, ऑलिंपिक. शिक्का कोपऱ्यात अगदी नेटका, पाव वर्तुळाएवढा. उलटवून बघा: मागे गोंद जसाच्या तसा. हे तिकीट टपालात गेलंच नाही. छापखान्यात किंवा टपालखात्यात गठ्ठ्याने शिक्के मारून संग्राहकांच्या पाकिटांसाठी स्वस्तात विकलं. याला सीटीओ म्हणतात. पूर्व युरोपातल्या अनेक देशांनी हे वर्षानुवर्षं केलं. १९६० च्या दशकापासून १९७२ पर्यंत अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल कुवैन या आखाती अमिरातींच्या नावाने निघालेल्या रंगीबेरंगी मालिकांचा बराच भाग असाच. मुलांच्या डोळ्यांना या तिकिटांनी जेवढा आनंद दिला तेवढा क्वचितच कुणी दिला असेल. आनंदासाठी ठेवा, हिशेबात धरू नका.

सीबेक. १८९० च्या दशकातली निकाराग्वा, होंडुरास, एल साल्वादोर, इक्वेडोर यांची देखणी मिंट तिकिटं बऱ्याच जुन्या संग्रहांत असतात. निकोलस सीबेक या छापखानदाराने या देशांना तिकिटं फुकट छापून दिली. बदल्यात दरवर्षी मालिका बदलायची, उरलेला साठा परत घ्यायचा आणि पुन्हा छापून संग्राहकांना विकायचा हक्क त्याने मिळवला. त्यामुळे शंभरी पार केलेली ही तिकिटं अजूनही मुबलक आहेत.

शून्यांची भुरळ. १९२३ च्या महागाईतल्या जर्मन तिकिटांवर लाखो-कोटींचे आकडे असतात. सर्वांत मोठं तर ५,००० कोटी मार्कांचं. मिंट अवस्थेत यातली बहुतेक अगदी सामान्य आहेत. गंमत अशी की खरोखर टपालात वापरलेली त्यांच्यापेक्षा दुर्मीळ, म्हणून खोटे शिक्के मारलेली भरपूर फिरतात.

खोटी तिकिटं. ज्याँ दे स्पेराती या नकलाकाराची तिकिटं १९४२ मध्ये फ्रेंच कस्टम्सने पकडली, ती मौल्यवान अस्सल तिकिटांची चोरटी निर्यात समजून. तज्ज्ञांनीही ती अस्सल ठरवली. मग ती आपणच बनवलेली आहेत हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावर आली. तेव्हा भिंग घेऊन घरबसल्या 'हे अस्सलच' असं ठरवण्याच्या फंदात पडू नका. संस्थानांचे ठसे, कडा छाटून दाते नसलेलं केलेलं तिकीट, पुन्हा गोंद लावलेलं मिंट हे नेहमीचे प्रकार. खरोखर मोलाचं वाटणाऱ्या तिकिटाला तज्ज्ञ मंडळाचं प्रमाणपत्र घेतात. १८६९ मध्ये स्थापन झालेली लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी हे काम करते, इतरत्रही अशी मंडळं आहेत. प्रमाणपत्राचा खर्च तिकिटाच्या मोलाच्या मानाने परवडतो का, एवढंच आधी तपासा.

नव्या तिकिटांच्या बाबतीत देशाच्या नावावर परस्पर छापलेली बेकायदा तिकिटंही विकली जातात. लोकप्रिय खेळाडू, कार्टून, सिनेमातली पात्रं आणि खाली एखाद्या छोट्या देशाचं नाव, असा साधारण मसाला. जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस यादीत २००२ पासूनची सहभागी देशांची अधिकृत तिकिटं क्रमांकासह दिसतात, तिथे ताडून बघा.

## ९. काय जमवायचं ते ठरवा

'सगळं जग' हा लहानपणीचा विषय. मोठेपणी तो पेलवत नाही, कारण दरवर्षी जगभरात हजारो नवी तिकिटं निघतात. उरलेल्या ढिगाकडे बघा आणि तुमचा हात आपोआप कुठल्या तिकिटांकडे जातो ते पाहा. एक देश आणि एक कालखंड घेता येतो. एक विषय घेता येतो: रेल्वे, पक्षी, बुद्धिबळ, पूल. एकाच साध्या रोजच्या तिकिटाचे वेगवेगळे दाते, वॉटरमार्क आणि शिक्के असाही संग्रह होतो, आणि माझ्या मते शिकायला तोच सर्वांत चांगला. तिकिटं क्षुल्लक मोलाची असतात, त्यामुळे चुकायची भीती नसते, आणि सहाव्या-सातव्या पायरीवरचं सगळं हाताखालून जातं.

विषयात न बसणारी तिकिटं अदलाबदलीसाठी वेगळ्या स्टॉकबुकात. लहान मुलाला द्यायची असतील तर रद्दड निवडून देऊ नका. चित्रं छान असलेली, धडधाकट, आणि सोबत एक चिमटा.

## १०. ठेवायचं कुठे

स्टॉकबुक उभं ठेवा, पुस्तकासारखं, पण दाटीने नाही. आडवी चळत लावली की दाब आणि दमटपणा मिळून मिंट तिकिटं पट्ट्यांना चिकटतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट, स्वयंपाकघर, न्हाणीघराची भिंत, जमिनीलगतची पेटी या जागा टाळा. ऊन लागता कामा नये. नव्या मऊ प्लास्टिकसारखा वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ तिकिटात उतरतो. पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे चालतात. रबरबँड आजच काढा, ते वितळून कागदात रुततात. आणि हौसेने लॅमिनेट करून आणणाऱ्यांना कृपया अडवा.

दमट दिवसांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या-गुलाबी रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर बऱ्या. दमट दिवस सरले की प्रत्येक पान चाळा, म्हणजे हवाही लागते आणि बुरशीही वेळेवर दिसते.

## ११. विकायचं असेल तर लागणारी कागदपत्रं

पहिल्या पायरीचे फोटो, देशवार यादी, दखल घेण्याजोग्या तिकिटांची कॅटलॉग क्रमांकासह वेगळी यादी, असतील ती प्रमाणपत्रं, जुनी खरेदीची बिलं, आणि संग्रह वारशाने आला असेल तर त्याचे कागद. घराच्या सामानाचा विमा असेल तर हीच फाइल तिथेही लागते.

चांगली वाटतात ती दहा तिकिटं आधी काढून विकू नका. उरलेल्या संग्रहाला मग कुणी हात लावत नाही. किमान दोन वेगवेगळ्या जाणकारांना संपूर्ण संग्रह दाखवा, जमलं तर त्यातला एक असा की ज्याला तो विकत घ्यायचा नाही. संग्रह कुणाकडे ठेवून यायचा असेल तर पानांची संख्या आणि फोटोंचा उल्लेख असलेली सही-तारखेची पोच घ्या. लिलावाला देताना कमिशन किती, राखीव किंमत ठेवता येते का, न विकलेला माल परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे तिन्ही लेखी मागा. आणि पाकिटांचा तो अ ढीग वेगळा दाखवा. तिकिटांच्या विक्रेत्याला त्याचं सोयरसुतक नसू शकतं, पोस्टल हिस्टरीवाल्याला तोच आधी बघायचा असतो.